उभं राहिलं की दुखणारं डोकं

आमच्या गावचं पोस्ट म्हणजे माझ्याच घराची पुढची खोली. ओतूरहून निघून डिंगोरे मागं टाकलं आणि मढच्या दिशेनं थोडं पुढं गेलं, की रस्ता सोडून एक वाट धरणाच्या पाण्याकडं उतरते. त्या वाटेवर आमचं गाव. मी तिथला पोस्टमास्तर, कुंडलिक. लोक मास्तर म्हणायचे एवढंच. सकाळचे चार तास पोस्ट आणि उरलेला दिवस शेती. माझ्या हाताखाली एकच माणूस होता, टपाल वाटणारा चांगदेव रोकडे. त्याची ही हकिकत.

चांगदेव उंच आणि सडसडीत. गाव आणि वरच्या अंगाच्या पाच वाड्या एवढी त्याची हद्द. सायकल जाईल तिथवर सायकल, जाणार नाही तिथं सायकलच त्याच्या खांद्यावर. एक्क्याण्णव साली तो कामाला लागला तेव्हा फोन गावात एकच होता आणि मुंबईला गेलेल्या पोरांची खुशाली पत्रानंच कळायची. पत्र द्यायचं आणि वाचूनही दाखवायचं, ही दोन्ही कामं त्याचीच. त्यात त्याची एक रीत होती. पत्रात वाईट बातमी असली की तो आधी प्यायला पाणी मागायचा. घरचं माणूस तांब्या घेऊन येईपर्यंत सगळं मनात वाचून घ्यायचा, मग त्या माणसाला खाली बसवायचा आणि बेताबेतानं सांगायचा. पुढं लोकांच्या हे ध्यानात आलं. चांगदेवनं पाणी मागितलं की बायका तांब्या आणायच्या आधीच रडायला लागायच्या. त्यामुळं भर उन्हाळ्यात खरोखर तहान लागली, तरी बिचाऱ्याला पाणी मागायची चोरी झाली होती.

त्याचं घर बौद्धवाडीत. बायको द्रौपदा, माहेर राजुरीचं. आठवी पास. बोलायला कमी आणि बघायला तीक्ष्ण. मुलगी साक्षी ओतूरला कॉलेजात जात होती. घरात दोन खोल्या, पण भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आणि त्याखालच्या फळीवर पुस्तकं. एवढी पुस्तकं मी तरी आमच्या गावात आणखी कुणाकडं पाहिली नव्हती.

दोन हजार तीनच्या श्रावणातली गोष्ट. राख्यांचे दिवस, पिशवी फुगलेली. वरच्या वाडीला जाताना ओढ्यावरची मोरी वाहून गेली होती. चांगदेवनं एका खांद्यावर सायकल घेतली, दुसऱ्या खांद्याला पिशवी लावली आणि ओढ्यात उतरला. मधल्या दगडावरून पाय सरकला. पिशवी भिजू नये म्हणून त्यानं सगळं अंग पिळवटून तोल सावरला. पिशवी वाचली, सायकलही वाचली. पाठीत दोन खांद्यांच्या मधोमध काहीतरी चमकल्यासारखं झालं, पण तो तसाच वर गेला, राख्या वाटल्या आणि घरी आला.

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमाराला त्याचं डोकं दुखायला लागलं. मानेच्या मागून सुरू व्हायचं आणि वर चढायचं. सकाळी उठेपर्यंत काही नाही. उभं राहिलं की दहा मिनिटांत सुरू, आणि दुपारपर्यंत असं वाढायचं की उलटीची भावना व्हायची. कानात दडे बसायचे. माळशेजचा घाट उतरताना बसतात तसे दडे, पण ते दिवसभर सुटायचेच नाहीत. आडवं झालं, की पंधरा-वीस मिनिटांत सगळं ओसरायचं. माणूस पुन्हा धडधाकट. उठला की पुन्हा तेच.

आता ज्या माणसाचं दुखणं झोपल्यावर बरं होतं, त्याला गाव काय म्हणणार? आधी म्हणाले, चांगदेव आळसावला. टपाल वाटता वाटता तो कुठं झाडाखाली, कुठं देवळाच्या पायरीशी, कुठं कुणाच्या ओट्यावर आडवा झालेला दिसायचा. मग कुणीतरी म्हणालं, हा दिवसा घ्यायला लागला. ते माझ्या कानावर आलं, एकदा नाही, चार तोंडांनी आलं.

बारा वर्षं तो माझ्या हाताखाली होता. तरी एके दिवशी तो पिशवी परत द्यायला आला, भिंतीला धरून उभा राहिला, आणि मी त्याला विचारलं.

तो रागावला नाही. दोन पावलं पुढं आला, वाकला आणि म्हणाला, "मास्तर, वास घ्या."

मी घेतला. त्याच्या तोंडाला फक्त उपाशी माणसाचा वास होता. दुपारी खाल्लेलं टिकत नव्हतं म्हणून त्यानं जेवणच सोडलं होतं. ती गोष्ट मी त्याची पुढं दोनदा माफी मागूनही विसरलेलो नाही. त्यानं मात्र त्याच दिवशी सोडून दिली होती.

सगळ्यात आधी ज्यांना त्याचं दुखणं खरं वाटलं, त्या साळुबाई. वरच्या आळीच्या, जमीनजुमल्याच्या घरातल्या, वय पंचाहत्तरच्या पुढं. एक दिवस चांगदेव त्यांच्याकडं पत्र घेऊन आला आणि पायरीशीच डोकं धरून बसला. त्यांनी आतून गोधडी आणून ओट्यावर अंथरली आणि म्हणाल्या, "पड इथं. बरं वाटल्यावर वाच." चांगदेव घुटमळला. त्याचा आजा त्या ओट्याला हात लावू शकत नव्हता. हे त्यालाही माहीत होतं आणि साळुबाईंना तर आठवतच होतं. त्यांनी पुन्हा सांगितलं, "आरं, पड म्हणते ना." तो पडला. साळुबाई शेजारी बसून मटार सोलत राहिल्या. वीस मिनिटांनी तो उठला, पत्र वाचलं आणि पुढं गेला.

त्यानंतर बऱ्याच घरांतून ते सुरू झालं. चांगदेव यायच्या वेळेला कुणी चटई टाकून ठेवायचं, कुणी घोंगडी. सगळीच घरं साळुबाईंसारखी नव्हती. एका घरी त्याच्यासाठी ओट्याखाली जमिनीवर खताचं रिकामं पोतं टाकलेलं असायचं. तिथं तो कधी आडवा झाला नाही. पुढच्या आंब्याखाली जाऊन पडायचा. मी विचारलं तर म्हणाला, "तिथं गार लागतं."

दवाखाने मात्र चालू होते. एका डॉक्टरांनी पित्त म्हणून गोळ्या दिल्या. दुसऱ्यांनी चष्मा लावला. तो लावून त्याला टपालावरची अक्षरं चांगली दिसू लागली, डोकं तेवढंच दुखत राहिलं. तिसऱ्यांनी नाकाचा फोटो काढला. चौथ्यांनी मान झिजली सांगून गळ्याला पट्टा दिला. एकांनी जुन्नरला पाठवून डोक्याचा सीटी स्कॅन काढायला लावला. तो स्वच्छ आला. तेव्हा ते म्हणाले, डोक्यात काही नाही, मनात असेल, आणि झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या. शेजारीपाजारी कुणी बाहेरचं बघून घे म्हणालं. चांगदेव म्हणाला, बाहेरचं असतं तर झोपल्यावरही दुखलं असतं. तसं पाहिलं तर सगळ्यांत शहाणं बोलणं तेच होतं, पण ते कुणी ऐकून घेतलं नाही.

दिवाळीनंतर त्याला पाचशे पावलंही चालवेना. आमच्या कामात रजा घ्यायची तर बदली माणूस आपणच द्यावा लागे. मी काळजीत होतो. एके दिवशी सकाळी द्रौपदा पोस्टात आली. आठवीचा दाखला तिनं पदरात बांधून आणला होता. तो टेबलावर ठेवून म्हणाली, "भाऊजी, मी करते. सायकल येत न्हाई, पण चालायला येतं."

मी वरच्या साहेबांना विचारलं. नियमात बसत होतं. त्या दिवसापासून द्रौपदा टपाल वाटू लागली. पहाटे स्वयंपाक, मग चांगदेवच्या उशाशी पाणी, भाकरी आणि वर्तमानपत्र, आणि मग चौदा किलोमीटर पायी. पहिल्या आठवड्यात दोन सावळेरामांची पत्रं उलटसुलट झाली, तेवढीच चूक. तिच्या नवऱ्याला जी आळी आळशी म्हणत होती, त्याच आळीतून ती मान वर करून रोज जायची.

आणि घरी ती बघत होती. साक्षीच्या जुन्या वहीच्या मागच्या पानांवर तिनं लिहायला सुरुवात केली. किती वाजता उठले, किती मिनिटांनी दुखायला लागलं, किती वेळ पडल्यावर थांबलं. पाटावर उशा लावून अर्धवट बसवलं तर काय होतं, हेही तिनं करून पाहिलं. पंधरा दिवस रोज. तिला त्यात एकच गोष्ट दिसली, पण ती पक्की दिसली: दुखणं डोक्यात नाही, दुखणं उभं राहण्यात आहे.

राजुरीचे एक डॉक्टर, सुदर्शन औटी, मेंदूच्या आजारांचे. पुण्याला असायचे आणि दर रविवारी नारायणगावला एका दवाखान्यात पेशंट बघायला यायचे. हे द्रौपदाला माहेरून कळलं. जानेवारीतल्या एका रविवारी आम्ही तिघं माझ्या मेव्हण्याच्या जीपनं गेलो. चांगदेव मागच्या सीटवर आडवा. तिथं बाहेर दोन तास बाकड्यावर बसावं लागलं, तोवर त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता.

डॉक्टर पस्तिशीचे असतील. त्यांनी जुने कागद उलटले, हातोडीनं गुडघे ठोकले, डोळ्यांत बॅटरी मारली. सगळं ठीक दिसत होतं. ते पेन उचलणार तेवढ्यात द्रौपदा म्हणाली, "डॉक्टर, तुमी ह्यांना बसलेलं बघताय. जरा झोपवून बघा. वीस मिनिटं."

बाहेर चाळीस माणसं खोळंबली होती. डॉक्टरांनी दाराकडं पाहिलं. तिनं वही पुढं केली. त्यांनी पहिलं पान वाचलं, मग दुसरं, मग खुर्ची पुढं ओढून सगळी पानं वाचली. चांगदेवला कोपऱ्यातल्या टेबलावर झोपवलं, उशी काढून घेतली आणि मधे दोन पेशंट तपासले. वीस मिनिटांनी विचारलं, "आता?"

"आता काय न्हाई, साहेब," चांगदेव म्हणाला. चेहऱ्यावर रंग आला होता.

"उठून बसा."

सात मिनिटांत तो रंग गेला. डॉक्टरांनी घड्याळात पाहिलं, मग वहीत पाहिलं, आणि द्रौपदाला म्हणाले, "वहिनी, निम्मं काम तुम्ही केलंय."

मग त्यांनी आम्हाला समजावून सांगितलं. मेंदू पाण्यात तरंगत असतो. ते पाणी डोक्यापासून खाली पाठीच्या कण्यापर्यंत एकाच पिशवीत असतं. त्या पिशवीला पाठीत कुठं बारीक छिद्र पडलं, की पाणी झिरपून जातं. माणूस उभा राहिला की मेंदूला खालून आधार राहत नाही, तो खाली ओढला जातो आणि त्याला ताण बसतो. आडवं झालं की ताण सुटतो. काही माणसांच्या पिशवीचं कापडच जन्मतः कुठंतरी विरळ असतं. एखादा हिसका पुरतो. मग त्यांनी विचारलं, असा हिसका कधी बसला होता का? चांगदेवला ओढा आठवला. राख्यांची पिशवी, तो दगड, पाठीतली चमक. पाच महिन्यांत कुणी विचारलंच नव्हतं, म्हणून त्यानंही सांगितलं नव्हतं.

"म्हंजे मी येडा न्हाई," तो म्हणाला. डॉक्टर म्हणाले, मुळीच नाही. त्यावर चांगदेव रडला. त्याला रडताना मी त्या एकाच वेळी पाहिलं.

पुण्याला जायचं तर बसून जाणं अशक्य. डिंगोऱ्याच्या एकाचा कांद्याचा टेम्पो मार्केट यार्डला जात होता. त्यात पोत्यांवर गादी टाकली, तिच्यावर चांगदेव, शेजारी द्रौपदा. मी पुढं ड्रायव्हरजवळ. चाकणपर्यंत चांगदेव मला मागून गावं सांगत होता. नुसतं आभाळ दिसत होतं, तरी वळणांवरून त्याला मंचर कळलं, राजगुरुनगर कळलं. इतक्या दिवसांनी त्याला प्रवासात मजा येत होती.

तिथं एमआरआय झाला, शिरेतून औषध सोडून. डॉक्टर सुदर्शननी फिल्म उजेडावर धरून दाखवली. मेंदूभोवतीचं आवरण लुगड्याच्या काठासारखं पांढरं उजळलेलं होतं, आणि मेंदू जागा सोडून खाली सरकलेला. दोन्ही बाजूंना पाण्याचा पातळ थर साचला होता. तो थर बघून तिथले एक सर्जन म्हणाले, कवटीला दोन भोकं पाडून हे काढून टाकू. डॉक्टर सुदर्शन म्हणाले, थांबा. मेंदू खाली बसल्यामुळं वर जागा रिकामी झाली आणि तिथं ते साचलंय. खालची गळती बुजली की ते आपोआप जाईल. वरून काढलं तर मेंदू आणखी बसेल. दोघांचं बराच वेळ बोलणं झालं. शेवटी सर्जननी मान्य केलं.

गळती बुजवायचा उपाय ऐकून आम्ही चाट पडलो. चांगदेवचंच रक्त. दंडातून काढायचं आणि लगेच सुईनं पाठीत, त्या पिशवीच्या बाहेरच्या अंगाला सोडायचं. तिथं ते गोठतं आणि छिद्रावर लेप बसतो. चांगदेव सायकलचे पंक्चर स्वतः काढणारा माणूस. त्यानं विचारलं, "पण साहेब, भोक कुठं हाय ते आधी बघाया नको?"

डॉक्टर हसले. म्हणाले, प्रश्न बरोबर आहे. पण छिद्र शोधायला पिशवीलाच आणखी एक सुई टोचावी लागते. बऱ्याच जणांना कमरेशी रक्त सोडलं तरी ते वर पसरतं आणि काम होतं. आधी ते करू. नाही टिकलं तर शोधू.

तसं केलं. चांगदेव कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन. रक्त आत जाताना कमरेत कुणीतरी मूठ दाबतंय असं त्याला वाटलं. दोन दिवस आडवं ठेवलं. तिसऱ्या दिवशी त्याला उभं केलं आणि आम्ही सगळे घड्याळाकडं बघत राहिलो. दहा मिनिटं गेली. अर्धा तास गेला. तो वॉर्डात या टोकापासून त्या टोकापर्यंत चालला, खिडकीशी उभा राहून रस्त्यावरची रहदारी बघितली आणि द्रौपदाला म्हणाला, चहा पिऊ, उभ्यानं.

घरी आल्यावर नवव्या दिवशी ते फसलं. वाकायचं नाही, काही उचलायचं नाही, असं बजावून सांगितलं होतं. त्या दिवशी द्रौपदा वाड्या करून दुपारी आली, पायाला भेगा पडलेल्या, आणि तशीच हंडा घेऊन नळावर गेली. भरलेला हंडा घेऊन ती दारात आली तेव्हा चांगदेवला राहवलं नाही. त्यानं तो तिच्या डोक्यावरून उतरवून घेतला आणि खाली वाकून ठेवला. संध्याकाळी मान धरली. दोन दिवस त्यानं लपवलं. तिसऱ्या दिवशी द्रौपदानं वही उघडली आणि सरळ विचारलं, आज किती मिनिटांनी? मग त्याला सांगावंच लागलं. त्या रात्रीपासून नळावर साक्षी जाऊ लागली.

मार्चमध्ये पुन्हा पुणे, पुन्हा टेम्पो. या वेळी कमरेतून सुई घालून पिशवीतच रंगाचं औषध सोडलं, टेबल डोक्याकडं थोडं कलतं केलं आणि मानेपासून कमरेपर्यंत सीटी काढला. काचेच्या मागं मशीन चालवणारे डॉक्टर एकेक चित्र सरकवत होते. मलाही आत उभं राहू दिलं. कण्याच्या मधोमध पांढरी पिशवी, प्रत्येक चित्रात सारखी. आणि मग एका चित्रात तिच्या डाव्या बाजूनं एक पांढरा ओघळ बाहेर आलेला. पुढच्या दोन चित्रांत तो होता, त्यापुढं नव्हता. दोन खांद्यांच्या मधोमध, थोडं डावीकडं. त्या डॉक्टरांनी पेन्सिलीनं तिथं गोल केला. सात महिने ज्याच्यावरून माणसं इतकं बोलली, ते एवढंसं होतं.

आता रक्त नेमकं तिथंच सोडायचं होतं. वरची जागा, सुईजवळ कण्यातली नस, म्हणून सीटीखालीच. चांगदेव पालथा. मशीनवाल्या डॉक्टरांनी दर थोड्या वेळानं चित्र घ्यायचं, सुई केसभर पुढं सरकवायची. डॉक्टर सुदर्शन त्याच्या तोंडाशी खाली बसून होते. पाय हलवा म्हणाले की त्यानं हलवायचे. रक्त जायला लागलं तेव्हा चांगदेव म्हणाला, "साहेब, हीच जागा. ओढ्यात चमकली ती हीच."

दुसऱ्या दिवशी दुपारी एक वेगळाच घोळ झाला. चांगदेवचं डोकं दुखायला लागलं, पण आता आडवं असताना! तो म्हणाला, मला उठवून बसवा, बसल्यावर बरं वाटतंय. द्रौपदा घाबरली. सगळ्या दुखण्यात तिनं धीर सोडला नव्हता, तो तिथं सुटला. तिला वाटलं, आता काही नवीनच बिघडलं. ती वही घेऊन धावत डॉक्टरांकडं गेली.

डॉक्टरांनी ऐकलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं. म्हणाले, "वहिनी, ही चांगली खूण आहे. गळती थांबली. इतके महिने शरीर पाणी जास्त बनवत होतं, ते अजून तसंच बनवतंय. थोडे दिवस जड जातील."

त्यासाठी गोळ्या दिल्या. त्या गोळ्यांनी त्याच्या बोटांना मुंग्या यायच्या, आणि एकदा मी कौतुकानं सोडा पाजला तर तो म्हणाला, गंजलेल्या पत्र्यासारखा लागतो. तीन आठवड्यांत तेही गेलं. जूनमध्ये पुन्हा एमआरआय झाला. मेंदू जागेवर होता आणि बाजूचं साचलेलं पाणी कुणी न काढता नाहीसं झालं होतं.

चांगदेव कामावर आला तो पाऊस उघडल्यावर. सायकल खांद्यावर घ्यायची नाही, एवढी अट डॉक्टरांनी घातली. वरच्या वाड्यांना तो ओढ्याशी सायकल ठेवून पायी जाऊ लागला. पहिल्या दिवशी त्याला दीडपट वेळ लागला, कारण प्रत्येक घराला त्याला उभा राहिलेला बघायचं होतं. काहींनी त्याला उभ्यानंच चहा दिला. गंमत अशी, की वाड्यांवरच्या म्हाताऱ्या आता द्रौपदालाच पाठव म्हणू लागल्या. तिचं वाचून दाखवणं सावकाश असायचं आणि वाचून झाल्यावर ती उत्तरही लिहून द्यायची. दोन वर्षांनी शेजारच्या गावच्या पोस्टात जागा निघाली तेव्हा तिनं अर्ज केला. ती लागली. मग सकाळी आठ वाजता बौद्धवाडीतून दोन पिशव्या दोन दिशांना निघायच्या.

सगळ्यांच्या वाट्याला असा शेवट येत नाही, हे चांगदेवला ठाऊक होतं. म्हणून दोन हजार सातच्या थंडीत द्रौपदाला माहेरहून एक बातमी लागली तेव्हा त्यानं कामाचा दिवस असूनही माझ्याकडं रजा मागितली. राजुरीत रत्ना नावाची एक बाई होती, बालवाडी चालवायची, तिशीची. दोन महिने अंथरुणाला होती. उठली की डोकं, झोपली की बरी. सासरचे म्हणत होते, कामाचा कंटाळा. नवरा तिला माहेरी सोडायच्या बेतात होता.

चांगदेव आणि द्रौपदा त्या घरी गेले. ओळख ना पाळख. हे मला नंतर द्रौपदानं सांगितलं. सासरा दारातच म्हणाला, पावणं, तुमचं काय काम? चांगदेव म्हणाला, पोस्टात असतो, एक बोलायचंय. आत गेल्यावर तो रत्नाच्या खाटेशेजारी जमिनीवर बसला आणि तिला विचारलं, "ताई, कानात दडे बसत्यात का? घाट उतरल्यावानी?"

तिनं मान हलवली आणि तोंडावर पदर घेतला.

चांगदेवनं सासऱ्याला आणि नवऱ्याला समोर बसवलं. आपली सगळी कथा त्यांना सांगितली, पोस्टमास्तरनं तोंडाचा वास घेतला तेसुद्धा. शेवटी शर्ट वर करून पाठ दाखवली. तिथं बघण्यासारखं काहीच नव्हतं, सुईची खूणही उरली नव्हती, पण नवरा वाकून बघत होता. द्रौपदा म्हणाली, पंधरा दिवस वेळ लिहून ठेवा, मी कागद आखून देते. नवरा म्हणाला, पंधरा दिवस कशाला, परवा रविवार आहे.

रविवारी ते नारायणगावला गेले. तिची गळती मानेच्या खाली निघाली, आणि पहिल्याच रक्तात बुजली. पुढच्या जूनमध्ये तिची बालवाडी वेळेवर सुरू झाली.